फ्रीझ लागल्यावर ‘एवढं एकच घ्या’ म्हणणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या आणि परदेशात नोकरी सांभाळून रात्री पॅच (कोडमधले बदल) पाठवणाऱ्या समस्त मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

रिलीज जवळ आलं की तुमच्याकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. कोड तयार आहे, रिव्ह्यू झालाय, सगळ्या टेस्ट हिरव्या आहेत, तरी रिलीज टीम म्हणते की फ्रीझ लागलाय, म्हणजे रिलीजपर्यंत नवे बदल बंद, आता पुढच्या आवृत्तीत बघू. मग ‘चार ओळींचा तर पॅच’, ‘सीआय (प्रत्येक बदलावर आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) असताना फ्रीझ हवाच कशाला’, ‘ही माणसं सरकारी खात्यात शोभली असती’ वगैरे सुरू होतं. मी डेस्कटॉपच्या प्रोग्रामांचं मराठी भाषांतर करतो, आणि तालुक्याच्या गावातल्या एका शाळेच्या लॅबमधली डेबियन या लिनक्स प्रणालीवर चालणारी मशीन सांभाळतो. म्हणजे तुमच्या कमिटनंतर पुढे जे घडतं, त्यातलं बरंचसं माझ्या टेबलावर येतं. रिलीज टीमला पत्रं लिहिणारे पुष्कळ आहेत. म्हणून हे पत्र तुम्हाला. त्यांच्यासाठीही चार शब्द आहेत, पण ते नंतर.

आधी तुमची चार ओळींची गोष्ट घेऊ. फ्रीझचे प्रकार अनेक, त्यातला माझ्या जिव्हाळ्याचा म्हणजे स्ट्रिंग फ्रीझ. मेनू, बटणं, सूचना यांतला इंग्रजी मजकूर त्या तारखेनंतर बदलायचा नाही, म्हणजे भाषांतर करणाऱ्यांना काही आठवडे तरी स्थिर जमीन मिळते. आता समजा कुणीतरी ‘सेव्ह ॲज’च्या पुढची तीन टिंबं काढून त्या जागी एकच लोपचिन्ह (…) टाकलं. डिफमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, एक ओळ. रिव्ह्यू करणारा म्हणतो, छान, टायपोग्राफी सुधारली. इकडे पीओ फाइल (भाषांतराची फाइल) नव्याने जुळवली की मूळ वाक्य जुन्या वाक्याशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून माझ्या भाषांतरावर ‘फझी’ असा शिक्का बसतो. फझी नोंदी अंतिम फाइलमध्ये घेतल्याच जात नाहीत. भाषांतर शब्दन्‌शब्द बरोबर असतं, फाइलमध्ये डोळ्यांसमोर दिसत असतं, पण वापरणाऱ्याला इंग्रजी दिसतं. जितक्या भाषा, तितक्या फाइलींत हेच. त्यातल्या बऱ्याच फाइली सांभाळणारी मंडळी दिवसा दुसरीच नोकरी करतात.

एका प्रकल्पात (नाव घेत नाही) स्ट्रिंग फ्रीझ लागून गेल्यावर कुणी तरी सेटिंग्जची अख्खी खिडकी ‘नीटनेटकी’ केली. परवानगी मागितली नाही, कारण ‘नवीन फीचर नाही, फक्त शब्द सुधारलेत’. मराठी फाइल तोवर पूर्ण झाली होती. आवृत्ती बाहेर आली तेव्हा त्या एका खिडकीत डावीकडे मराठी आणि उजवीकडे इंग्रजी, अशी खिचडी. शाळेतल्या बाईंनी मला विचारलं, “हे अर्धवट का सोडलंत हो?” यावर काय उत्तर द्यायचं?

सीआय यातलं काहीही पकडत नाही. कोडने जे करायला हवं ते कोड करतो की नाही, एवढंच टेस्ट सांगतात. मदत-पुस्तिकेतलं चित्र जुनं झालं, बंगाली आणि तमिळ फाइलींत छिद्रं पडली, डिस्ट्रोचं (डेबियनसारख्या तयार लिनक्स संचाचं) पॅकेज बनवणाऱ्याने लावलेला पॅच आता बसत नाही, वेगळ्या प्रोसेसरवर बिल्ड कोसळला, यासाठी हिरवी खूण लाल होत नाही. दिवाळी अंकाचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना हे चटकन उमगेल. फॉर्म छापायला गेल्यावर लेखकाचा फोन येतो, ‘एकच परिच्छेद वाढवायचाय.’ लेखकासाठी तो एकच परिच्छेद असतो. पुढचं पान सरकतं, जाहिरात उडते, अनुक्रमणिका चुकते, आणि मुद्रितशोधकाने वाचलेलं सगळं परत वाचावं लागतं. यातल्या कुणालाही लेखकाने फोन केलेला नसतो.

माझं एवढंच म्हणणं आहे. अपवाद मागणाऱ्याला त्याची किंमत दिसत नाही, कारण ती मोजणारे त्या चर्चेत हजरच नसतात. रिलीज टीम ‘नाही’ म्हणते तेव्हा ती त्या गैरहजर माणसांच्या वतीने बोलत असते. तुम्हाला मात्र तो आपल्या कोडवरचा अविश्वास वाटतो.

पुण्यात पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे बरेच आहेत, त्यांना पुढचं सांगायला नको. पोस्टग्रेसचा फीचर फ्रीझ एप्रिलच्या पहिल्या आठवड्यानंतर लागतो. २०२४ मध्ये तो ८ एप्रिलच्या शून्य तासाला होता, पण तो शून्य तास पृथ्वीवर सगळ्यात उशिरा तारीख बदलते त्या ठिकाणचा. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच. त्याआधीच्या दोन-तीन दिवसांत कमिटांची (कोडमध्ये आत घेतलेल्या बदलांची) जी झुंबड उडते, ती बघण्यासारखी असते. वर्षभर रेंगाळलेले पॅच शेवटच्या रात्री आत येतात, आणि त्यांतले काही मग बाहेरही जातात. १५व्या आवृत्तीसाठी एसक्यूएल-जेसनचं, म्हणजे जेसन स्वरूपातला डेटा एसक्यूएलमधून हाताळण्याचं, मोठं काम मार्च २०२२च्या सुमाराला आत आलं होतं. बीटावर बीटा निघाले, त्रुटी उकरत गेल्या, आणि १ सप्टेंबरला, म्हणजे रिलीजला जेमतेम सहा आठवडे उरले असताना, ते सगळं काढून टाकलं. काय वाटलं असेल ते करणाऱ्यांना? पण त्यातला काही भाग १६व्या आवृत्तीत आला, आणि ज्याची लोक वाट बघत होते तो जेसन-टेबलचा भाग २०२४च्या सप्टेंबरमध्ये १७व्या आवृत्तीत, अधिक नीट होऊन आला. दरवर्षी शरद ऋतूत नवी आवृत्ती येणार हे पोस्टग्रेसमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून हा घास गिळता येतो. रिव्हर्ट (आत घेतलेलं काम परत काढणं) म्हणजे अपमान, ही समजूत आपल्याकडच्या तरुण मंडळींत जरा जास्तच आहे असं माझं निरीक्षण आहे.

उलट टोकाचं उदाहरण बीकॅशएफएसचं. केंट ओव्हरस्ट्रीट यांची ही फाइल सिस्टिम. अनेक वर्षांच्या मेहनतीनंतर ती लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ६.७ आवृत्तीत, म्हणजे २०२४च्या जानेवारीत आली. कर्नलचा नियम तुम्हाला माहीत आहे. दोन आठवडे मर्ज विंडो, त्यात नवीन काय ते घाला, नंतरच्या आरसी (अंतिम होण्याआधीच्या चाचणी) आवृत्त्यांत फक्त दुरुस्त्या. साधारण नऊ-दहा आठवड्यांत नवी आवृत्ती. हा नियम तसा उदार आहे, कारण चुकलं तर पुढची संधी अडीच महिन्यांच्या आत असते. तरी ६.११च्या वेळी, २०२४च्या ऑगस्टमध्ये, आरसीच्या काळात मोठे बदल पाठवण्यावरून खटका उडाला. २०२५च्या जूनमध्ये ६.१६च्या आरसीत पुन्हा तेच. या वेळी जर्नल (फाइल सिस्टिममधल्या बदलांची नोंद) मागे नेऊन बिघडलेली फाइल सिस्टिम परत मिळवण्याची एक सोय त्यात होती.

ओव्हरस्ट्रीट यांची बाजू उडवून लावण्यासारखी नव्हती. एका बगमुळे लोकांचा डेटा अडकला होता, तो सोडवायला हत्यार हवं होतं, आणि डेटा गमावलेल्या माणसाला ‘मर्ज विंडो उघडेपर्यंत थांब’ म्हणणं कठीणच. फाइल सिस्टिम लिहिणाऱ्याला वापरणाऱ्याचा डेटा सगळ्यांत आधी वाटावा, यात गैर काय? कर्नलचे प्रमुख लिनस टोरवाल्ड्स यांचं म्हणणं असं की ही नवी सोय आहे, दुरुस्ती नव्हे, आणि ज्या फाइल सिस्टिमवर अजून ‘प्रायोगिक’ अशी पाटी आहे, तिच्यासाठी सगळ्या कर्नलची शिस्त मोडायची नाही. त्यांनी तो बदल घेतला. घेतानाच ६.१७ला आपण वेगळे होऊ अशा अर्थाचं लिहिलं. तसंच झालं. ६.१७मध्ये बीकॅशएफएसवर ‘बाहेरून सांभाळलेलं’ असा शेरा आला आणि ६.१८मधून कोडच गेला.

मी ते सगळं वाचलं तेव्हा मला दोघांच्याही भाषेचा कंटाळा आला, हे कबूल करायला हवं. पण निर्णय कुणाचा, यावर मी टोरवाल्ड्स यांच्या बाजूचा आहे. ज्याचा डेटा अडकलाय त्याला ती सोय कर्नलच्या बाहेरून, वेगळ्या मॉड्यूलच्या रूपात देता आली असती. ती काही महिन्यांनी सगळ्यांनाच तशी घ्यावी लागली, फरक इतकाच की आता परतीचा दरवाजा बंद. दर वेळी ‘हे प्रकरण वेगळं आहे’ असं म्हणणारा माणूस दर वेळी खराही असू शकतो. तरी तो म्हणतो म्हणून दर वेळी दार उघडलं, तर बाकीच्या शेकडो मेंटेनरांनी (कर्नलचा एकेक भाग सांभाळणाऱ्यांनी) नियम कशाला पाळायचा? आणि नुकसान कुणाचं झालं? ज्यांच्या नावाने भांडण चाललं होतं त्यांचंच. आता कर्नल बदलला की त्यांना मॉड्यूल नव्याने बिल्ड करून घ्यावं लागतं.

आणखी एक प्रसंग मला फ्रीझच्या चर्चेत नेहमी आठवतो. २०२४च्या मार्चमध्ये एक्सझेड या डेटा आकुंचन करणाऱ्या लायब्ररीत चोरदरवाजा सापडला. दोन वर्षं चिकाटीने काम करून मेंटेनरचा विश्वास कमावलेल्या, ‘जिया तान’ हे नाव वापरणाऱ्या कुणीतरी तो ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत बेमालूम घातला होता. त्या नावाने शेवटच्या दिवसांत काय चाललं होतं? नवी आवृत्ती फेडोरा ४० या लिनक्स डिस्ट्रोमध्ये घ्या म्हणून पाठपुरावा, आणि तशाच उबुंटू २४.०४मध्ये घ्या म्हणून विनंती. सगळं अतिशय सभ्य भाषेत, तांत्रिक कारणांसह. २९ मार्चला अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेव्हलपरने ते उघड केलं. त्याच्या मशीनवर एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून केलेल्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता, आणि तो अर्धा सेकंद त्याने सोडला नाही. उबुंटूला बीटा ४ एप्रिलवरून ११ एप्रिलवर ढकलावा लागला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ती लायब्ररी जुनीच होती, म्हणून तिला झळ लागली नाही. फ्रीझमुळे चोर सापडला असं मी म्हणत नाही, तो एका माणसाच्या चिकित्सक स्वभावामुळे सापडला. पण घाईच्या दिवसांत आलेली सभ्य विनंती नुसत्या सभ्यतेवर मान्य करायची नसते, इतकं तरी त्यावरून पटावं. रिलीज टीम तुम्हाला चार प्रश्न विचारते तेव्हा ती तुमच्यावर संशय घेत नसते. ते प्रश्न सगळ्यांनाच विचारायचे असतात.

आता रिलीज टीमच्या मंडळींसाठी राखून ठेवलेलं. हे मराठीत वाचणारे त्यांच्यातही आहेत.

फ्रीझ मोडायला माणूस उठतो तो बहुतेक वेळा पुढच्या आवृत्तीचा भरवसा नसतो म्हणून. डेबियनची वूडी नावाची आवृत्ती १९ जुलै २००२ला आली आणि त्यानंतरची सार्ज थेट ६ जून २००५ला. जवळजवळ तीन वर्षं! आता सुटलं तर तीन वर्षांनी, असं ज्याला वाटतं तो आपला पॅच आत ढकलणारच. मधल्या काळात, ऑक्टोबर २००४मध्ये, दर सहा महिन्यांचा वायदा करत उबुंटू उभं राहिलं, यात नवल काही नाही. नंतर २००६मध्ये डेबियनच्या ‘एच’ या पुढच्या आवृत्तीसाठी दोन रिलीज मॅनेजरांना पूर्णवेळ काम करता यावं म्हणून पैसे देण्याचा प्रयोग झाला, तर बाकीचे स्वयंसेवक दुखावले, काहींनी हातच आखडता घेतला. डिसेंबरात यायची आवृत्ती ८ एप्रिल २००७ला आली. पैशाने वेळापत्रक सुधारतं असं मानणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा वाचावं.

मग २००९चा जुलै. स्पेनमधल्या कासेरेसला डेबियनची वार्षिक परिषद होती. तिथून जाहीर झालं की यापुढे दर दोन वर्षांनी डिसेंबरात फ्रीझ, आणि पहिला याच डिसेंबरात. कल्पना चांगली होती. पण पाच महिन्यांवर आलेली तारीख हजारभर माणसांना बातमीतून कळली. ज्यांनी पुढच्या वर्षाची कामं मांडून ठेवली होती ते भडकले. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीशी जुळवून घ्यायला हे चाललंय अशी शंकाही अनेकांनी बोलून दाखवली. तारीख मागे घ्यावी लागली. स्क्वीझ या आवृत्तीचा फ्रीझ शेवटी ६ ऑगस्ट २०१०ला लागला आणि आवृत्ती ६ फेब्रुवारी २०११ला आली. तारीख घालून द्यायला कुणाचा विरोध नव्हता, ती न विचारता घालून दिली याला होता.

आणि फ्रीझ लांबला की तो पाळायची इच्छा मरते. त्यानंतरची व्हीझी ३० जून २०१२ला गोठली ती ४ मे २०१३ला सुटली. दहा महिने. तिच्यात ग्नोम या डेस्कटॉपची ३.४ आवृत्ती होती. तोवर ग्नोमच्या ३.६ आणि ३.८ या दोन आवृत्त्या येऊन गेल्या होत्या, त्यांतलं भाषांतराचं काम डेबियन वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचायला आणखी दोन वर्षं जायची होती. स्वार्थाने सांगायचं तर मला ती आवृत्ती सोयीची पडली, कारण शाळेची मशीन अपग्रेड करायची ती मेच्या सुट्टीतच. पण दहा महिने कुणाला नवं काही करू नको म्हणायचं आणि वर शिस्तीची अपेक्षा ठेवायची, हे जमत नाही.

डेबियनच्याच ट्रिक्सी या आवृत्तीच्या वेळचं मांडणं मला जास्त पटलं. फ्रीझ पायरीपायरीने. १५ मार्च २०२५ला कंपायलर आणि मोठी स्थलांतरं थांबली, १५ एप्रिलला सॉफ्ट फ्रीझ, १५ मेला हार्ड फ्रीझ, २७ जुलैला पूर्ण, आणि ९ ऑगस्टला रिलीज. पहिल्या तीन पायऱ्या कधी, आणि प्रत्येक पायरीवर काय चालेल, हे आधीच लिहून ठेवलेलं. (मेची सुट्टी हुकली, पण ते डेबियनचं दुखणं नव्हे.) ग्नोमनेही एकदा हे छान निभावलं होतं. ३.० मुळात मार्च २०१०ला यायचं होतं. तयार नव्हतं, म्हणून पुढे गेलं, पुन्हा पुढे गेलं आणि ६ एप्रिल २०११ला आलं. पण मधल्या वेळेत २.३० आणि २.३२ ठरल्या वेळी बाहेर पडल्याच. अडलेल्या एका कामासाठी बाकीच्यांना ताटकळत ठेवलं नाही.

परत तुमच्याकडे वळतो. अपवाद मागूच नका, असं मी म्हणणार नाही. सुरक्षेचा प्रश्न असतो, डेटा जाणारा बग असतो, त्यासाठीच अपवादाची सोय आहे. फेडोरात तर ती सगळ्यांदेखत चर्चा करून ठरते. माझी विनंती विनंतीपत्राच्या मजकुराबद्दल आहे. पॅच किती छोटा आहे हे लिहिण्याऐवजी किती स्ट्रिंग बदलतात, कुठली पानं पुन्हा लिहावी लागतील, कुणाला पुन्हा तपासावं लागेल, त्यांना विचारलंय का, हे लिहा. आणि सगळ्यात आधी हे लिहा की पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबलं तर नक्की कुणाचं काय अडतं. खूपदा खरं उत्तर ‘माझं अडतं’ असंच निघेल. तेही लाजण्यासारखं नाही, पण ते तसं लिहिलेलं असावं.

‘माझं अडतं’ची दोन कारणं मी वारंवार पाहतो. एक, कंपनीने ग्राहकाला शब्द दिलाय. तो शब्द कंपनीने दिला, प्रकल्पाने नव्हे. प्रकल्पाची तारीख वर्षभर आधी सगळ्यांसमोर असते. मॅनेजरला ती दाखवा. तुमच्या विक्री विभागाची घाई मराठी आणि मल्याळम अनुवादकांनी रात्री जागून का फेडावी?

दुसरं कारण गूगल समर ऑफ कोडच्या (नवोदितांना मुक्त सॉफ्टवेअरमध्ये काम करायला देणाऱ्या गूगलच्या उपक्रमाच्या) मुलांचं, आणि त्यांच्याबद्दल मला खरोखर कणव आहे. त्यांचं काम उन्हाळाभर चालतं आणि ऑगस्टच्या अखेरीकडे संपतं. ग्नोमची सप्टेंबरची आवृत्ती तोवर ऑगस्टातच गोठलेली असते. म्हणजे पोराने वेळेत, नीट केलेलं कामही मार्चपर्यंत कुणाला दिसत नाही, आणि प्लेसमेंटच्या मुलाखतीत दाखवायला मर्ज झालेलं काही नसतं. तो फ्रीझवर चिडतो, साहजिक आहे. पण ही गणितं मेंटॉरने मे महिन्यातच मांडायला हवीत. कामाचे तुकडे असे पाडावेत की जुलैअखेर निदान एक तुकडा, त्याच्या स्ट्रिंगांसकट, आत जाईल. हे पत्र वाचणाऱ्यांत मेंटॉर बरेच असतील. पुढच्या वेळी अर्ज वाचतानाच रिलीजचं कॅलेंडर शेजारी उघडून ठेवा.

तुमच्यासाठी माझ्याकडून एक कबुलायतही आहे. स्ट्रिंग फ्रीझच्या आधी पंधरा दिवस नव्या फीचरचा नुसता मजकूर, कोड मर्ज झालेला नसला तरी, पाठवून द्या. मी तो मराठीत करून बघेन, कुठलं वाक्य जोडून बनवल्यामुळे लिंग-वचन बिघडतंय, कुठलं बटण देवनागरीत कापलं जातंय, ते तेव्हाच कळवेन. या दुरुस्त्या फ्रीझच्या आधी दहा मिनिटांच्या असतात. हिंदी, गुजराती, कन्नडवाल्यांनाही विचारून पाहिलंय, त्यांची तयारी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मराठी अनुवादक